आवलीची भाकरी आणि आपले हसू

कीर्तनाच्या मंडपात जिजाईचे नाव निघाले की हसू पिकते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. बुवा आवाज चढवतात, कंबरेला पदर खोचल्याचा आविर्भाव करतात आणि उसाची कथा सांगतात. तुकोबांनी मोळीतला ऊस वाटेत पोरांना वाटून टाकला, घरी एकच ऊस आणला, जिजाईने रागाने तोच त्यांच्या पाठीत घातला. उसाचे तुकडे झाले आणि महाराज हसून म्हणाले, बरे झाले, वाटणी तूच करून दिलीस. मंडप हसतो, टाळकरी हसतात, मागे बसलेल्या आयाबायाही पदर तोंडाला लावून हसतात. मग बुवा गंभीर होतात. एवढे सोसूनही महाराजांची शांती ढळली नाही, असे सांगतात. विठ्ठलनामाचा गजर होतो आणि निरूपण पुढे जाते.

या हसण्याची एकदा तपासणी करावी, एवढ्यासाठी हा लेख. कारण याच मंडपात हल्ली एक वेगळा प्रश्न ऐकू येतो. लग्न ठरलेली किंवा नुकती झालेली मुले-मुली विचारतात की, महाराज, नवऱ्या-बायकोचे प्रेम निष्काम असू शकते का? की तीही देवघेवच? प्रश्न खरा आहे आणि आपण त्याला फार स्वस्तात उत्तर देतो. प्रपंचातले प्रेम स्वार्थाचे, देवावरचे तेवढे निःस्वार्थ, असे म्हणून मोकळे होतो आणि दाखल्याला जिजाईला उभी करतो. एका बाजूला विरक्त तुकोबा आणि दुसऱ्या बाजूला पिठामिठासाठी भांडणारी आवली. चित्र इतके सोयीचे आहे की ते खरे आहे का, हे आपण पाहिलेच नाही.

प्रश्न विचारणारी मुले कुठून येतात, तेही लक्षात घ्या. लोणावळ्याला पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईची जोडपी पाण्यात हात धरून बसलेली असतात. त्यांना हसणाऱ्यांतला मी नाही. तरुणपणी एकमेकांचे वेड असावे, त्याशिवाय पुढची वाट सरत नाही. पण त्याच पावसात घाटमाथ्यावरून थोडे खाली, कामशेत, नाणे मावळ, आंदर मावळाकडे उतरलात तर खाचरांत बायका वाकून आवणी करताना दिसतील. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पूर्वी इरले असे. गुडघाभर चिखल आणि हातात रोपाची मूठ. त्यांतल्या कित्येकींचा नवरा त्या वेळी वारीत असतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालखी निघते, आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. ते अठरा-एकोणीस दिवस आणि मावळातल्या आवणीचे दिवस बरेचदा एकावर एक येतात. माळ नवऱ्याच्या गळ्यात असते आणि चिखल बायकोच्या पायाला. निष्काम प्रेमाचा प्रश्न आमच्या तालुक्यात असा उभा राहतो. धरणाच्या पायऱ्यांवर त्याची फक्त सुरुवात होते.

आता शास्त्राकडे वळू. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतात, तेव्हा मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन पत्नींत ते मालमत्तेची वाटणी करायला बसतात. मैत्रेयी विचारते की या धनाने मी अमर होईन का. ऋषी नाही म्हणतात, तेव्हा ती धन नाकारून ज्ञान मागते. त्या उपदेशात याज्ञवल्क्य सांगतात की नवरा, बायको, मुले, धन यांवरचे सगळे प्रेम मुळात आत्म्यावरचे प्रेम आहे. आपले प्रवचनकार याचा अर्थ झटकन असा करतात की, बघा, प्रत्येक जण दुसऱ्यावर स्वतःच्या सुखासाठीच प्रेम करतो. हा अर्थ ऋषींच्या पदरात घालणे अन्यायाचे आहे. तिथला आत्मा म्हणजे माझी जीभ, माझे पोट आणि माझा मान नव्हे. सर्वांत जो एक आहे तो आत्मा. तो मानला तर उपदेशाचा रोख उलटा होतो. बायको प्रिय वाटते तेव्हा माणसाला, कळत नकळत, आपल्यात आणि तिच्यात जे एक आहे त्याची ओढ लागलेली असते. या उपदेशाने दांपत्यप्रेमाला कमीपणा येत नाही, उलट त्याच्या मुळाचा पत्ता लागतो.

जाता जाता एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. मैत्रेयीचे संवाद आपल्याला पाठ आहेत. कात्यायनीला वाटणी मिळाली, घर मिळाले, आणि नवरा गेला. ती काय म्हणाली हे कुणी विचारले नाही. जिजाई ही मला कात्यायनीची धाकटी बहीण वाटते. फरक एवढाच की ही बोलली.

आपल्या संप्रदायाच्या मुळाशीही अशीच एक बाई आहे, आणि ती इंद्रायणीकाठचीच. विठ्ठलपंत घर सोडून काशीला गेले, संन्यास घेतला. इकडे आळंदीत रुक्मिणीबाई अश्वत्थाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. पुढे त्यांचे गुरू यात्रेला जाताना आळंदीत आले, तेव्हा या बाईने नमस्कार केला आणि गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. तिला हसू आले. कारण विचारल्यावर सगळा प्रकार उघड झाला. मग गुरूंनी काय केले? हिचे प्रेम आसक्तीचे आहे, हिला वैराग्याचे महत्त्व कळत नाही, असे ते म्हणाले नाहीत. बायकोची खरी संमती नसताना घेतलेला संन्यास त्यांनी परत पाठवला. विठ्ठलपंत घरी आले, म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई झाली. त्या घराने पुढे काय सोसले ते आपण जाणता. पण परंपरेने ही कथा जपून ठेवली आहे, तर तिचा अर्थही जपावा. परमार्थाला निघालेल्या माणसाच्या मागे उभी असलेली बाई हा अडथळा आहे, असे ती कथा म्हणत नाही.

आणि त्याच घरात जन्मलेल्या ज्ञानदेवांनी अमृतानुभवाची सुरुवात कशाने केली? शिव आणि शक्ती यांच्या दांपत्याने. पहिल्या प्रकरणात जगाचे आईबाप असलेले हे जोडपे इतके एक आहे की त्यांना दोन म्हणावे तर फसगत, आणि इतके प्रेमात आहे की एक म्हणावे तर प्रेमाला जागाच उरत नाही. प्रेमाच्या गोडीसाठी ते दोन राहतात. अद्वैताचा एवढा मोठा ग्रंथ आणि त्याच्या दारात नवरा-बायको! कार्ल्याचे लेणे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे नवल वाटणार नाही. एकवीरा आईच्या पायऱ्या चढून वर गेले की शेजारीच तो थोर चैत्य आहे, सुमारे दोन हजार वर्षांचा. भिक्षूंच्या, म्हणजे घर सोडलेल्यांच्या, त्या जागेच्या दर्शनी भिंतीवर कोरले आहे ते काय? स्त्री-पुरुषांच्या ठसठशीत जोड्या, खांद्याला खांदा लावून उभ्या. कोळी-आगरी समाजातली नवी जोडपी आजही आईच्या दर्शनाला तिथूनच जातात. विरक्तीच्या दारात दांपत्य उभे करण्यात आपल्या पूर्वजांना संकोच वाटला नाही. तो आपल्यालाच कुठून चिकटला, कोण जाणे.

आता जिजाईकडे येऊ. तिच्याविषयी आपल्याला जे वाटते ते बव्हंशी महिपतीबुवा ताहराबादकरांच्या ओव्यांतून आले आहे. भक्तविजय 1762 सालचा, भक्तलीलामृत 1774 चे. तुकोबा वैकुंठाला गेले 1650 मध्ये, शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला. म्हणजे मधे शंभरावर वर्षे गेली होती. महिपती प्रेमळ कथाकार होते, आणि कथेला भांडखोर बायको लागतेच. पण त्यांनी एक मोठे काम केले आहे, ज्याचे श्रेय आपण देत नाही. जिजाईच्या तोंडी कठोर शब्द घातले तसे त्यांनी तिच्या डोक्यावर भाकरीही ठेवली.

ती भाकरी जरा नीट पाहा. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत. देहूहून इंदुरी-सुदुंबऱ्याच्या अंगाला हा डोंगर, दीड-दोन कोसांची वाट आणि मग चढ. दुपारी घरचे काम आटोपून जिजाई डोक्यावर भाकरी आणि हातात पाणी घेऊन तो डोंगर चढे. नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही, हा तिचा नेम. वाटेत ती काय बोलत असेल ते आपल्याला माहीत आहे. त्या काळ्याने माझे घर बुडवले, असेच काहीतरी. एके दिवशी काटा पायात आरपार गेला आणि ती कोसळली. तेव्हा पांडुरंग आले आणि काटा काढायला तिच्या पायाशी वाकले. तिने तोंड फिरवले, तर तो त्या बाजूलाही उभा. ही कथा आपण देवाच्या दयाळूपणासाठी सांगतो. मला ती जिजाईसाठी सांगावीशी वाटते. देव कुणाच्या पायाला हात लावतो? जिने त्याला बोलावले नव्हते, जिला त्याचे तोंड पाहायचे नव्हते, जी त्याच्यासाठी डोंगर चढतच नव्हती, तिच्या. त्या चढाचे फळ तिला काय मिळणार होते? नवरा शाबासकी देणार नव्हता, कमाईला लागणार नव्हता. घरची चूल उद्याही तशीच थंड राहणार होती. तरी ती गेली, आणि रोज गेली. कर्माच्या फळाची आस सोडा, असे गीतेचा दाखला देऊन आपण दर एकादशीला सांगतो. फळाची आस सुटलेले कर्म दिसायला कसे असते, असे कुणी विचारले तर मी त्या वाटेकडे बोट दाखवीन.

यावर जाणता वाचक विचारील की, मग ती बोलत का होती? निष्काम माणूस चिडतो का? प्रश्न योग्य आहे, आणि मला वाटते आपली सगळी गफलत इथेच आहे. आपण निष्काम म्हणजे मुका समजतो. गाथा उघडून पाहा. तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले आहेत! त्याला कंजूष म्हटले, दिवाळखोर म्हटले, तू मेलास असे मी समजतो इथपर्यंत मजल गेली. त्याला आपण काय म्हणतो? प्रेमाची सलगी. नामदेवरायांनी देवापुढे हट्ट धरला, त्याला आपण लडिवाळपणा म्हणतो. जनाबाईने देवाला शिव्या घातल्या, तर आपले डोळे भरून येतात. मग जिजाई तुकोबांना बोलली की तिला कर्कशा का म्हणायचे? भक्त देवाशी भांडतो, कारण त्याने देवाला आपला मानले आहे. परक्याशी कोण भांडतो? बायको नवऱ्याशी भांडते त्याचे मूळही तेच असेल, ही शक्यता तरी आपण ठेवायला हवी होती.

एक फरक अर्थात आहे. तुकोबा देवाकडे देवच मागत होते, जिजाई दाणे मागत होती. पण कुणासाठी? घरात काशी, भागीरथी, गंगा होत्या, महादेव, विठोबा होते. आणि दुष्काळाची आठवण त्या घराला चांगलीच होती. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ, ज्यात तुकोबांची पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली आणि मुलगा संतूही गेला. ज्या घरात सवत उपाशी मेली, त्या घरात पोरांच्या ताटात काय पडेल याची काळजी करणाऱ्या बाईला आपण आसक्त ठरवतो. तिच्या मागण्यांत स्वतःसाठी काय होते ते शोधून पाहा. फार काही हाती लागणार नाही.

तिला संत करण्याचा माझा हेतू नाही. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची ती लेक, सावकाराच्या घरात वाढलेली. देहूच्या मोरे घराण्याची महाजनकी होती. घराचा मान गेला याचे दुःख तिला नक्कीच झाले असेल, लोकांपुढे लाज वाटली असेल, आणि जिभेला धार होतीच. माणसाच्या प्रेमात असे बरेच काही मिसळलेले असते. भातातले गवत निवडतात, गवत आहे म्हणून कुणी खाचर पेटवून देत नाही.

आता थोडे नाजूक बोलायचे आहे, आणि ते महाराजांविषयी नसून आपल्या निरूपणाविषयी आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी अवघे मावळ भिजवत देहूला येते, आणि तिच्या डोहात त्या संताने लोकांचे ऋण सोडून दिले. पण बुडवण्याआधी त्यांनी काय केले? खतांच्या दोन वाटण्या केल्या आणि निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. दुसऱ्याचा वाटा आपल्या वैराग्यात बुडवायचा नाही, एवढा विवेक त्यांना होता. आता दुसरी कथा घ्या. जिजाई न्हायला बसली असताना तुकोबांनी तिचे लुगडे एका गरीब बाईला देऊन टाकले, असे सांगतात. ही कथा सांगताना आपण त्यागाचे गोडवे गातो. पण लुगडे कुणाचे होते? खतांच्या कथेत भावाचा वाटा मोजला जातो, लुगड्याच्या कथेत बायकोचा मोजला जात नाही. महाराजांनी खरोखर असे केले की कथाकारांनी रचले, हा वाद मी घालत नाही. आपण ही कथा तीनशे वर्षे टाळ्या घेत सांगितली आणि हा हिशेब एकालाही सुचला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याचे लुगडे दान करून कुणी निष्काम होत नाही. घरातल्या एकाच्या निःस्वार्थीपणाचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडत असेल, तर त्या प्रेमाचे नाव काय, ते प्रत्येकाने आपल्या घरात बसून ठरवावे.

महाराजांचे अभंगही आपण अर्धेच वाचतो. एका अभंगात बाप, बायको, मूल, आई असे एकेक जण गेले आणि आता देवा तुझे-माझे राज्य, असा भाव आहे. तो ऐकून एखाद्या तरुणाला वाटते की संत एवढे कोरडे असतात का? पण आत्मचरित्रपर अभंगात तेच तुकोबा सांगतात की दुष्काळाने धन आणि मान नेला, एक बायको अन्नासाठी तळमळत गेली, आणि त्यांना लाज वाटली, जीव त्रासला. हे दोन अभंग शेजारी ठेवल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही. पहिल्यात दिसते ती विरक्ती दुसऱ्यातल्या लाजेतून आली आहे. ज्याला बायकोच्या मरणाची लाज वाटते त्याचे तिच्यावर प्रेम होते, आणि ते प्रेम तिला वाचवू शकले नाही. ज्याच्या प्रेमाला असा चटका बसला नाही, त्याच्या वैराग्यावर माझा विश्वास बसत नाही.

जिजाईलाही त्यांनी टाकून दिले नाही. पूर्णबोधाचे अकरा अभंग तिच्यासाठी आहेत. ज्याला आपण अडथळा समजतो त्याला अकरा अभंग सांगत बसतो का? याज्ञवल्क्य वाटणी करून निघून गेले. तुकोबा डोंगरावरून खाली येत राहिले. शेवटपर्यंत त्याच घरात राहिले, त्याच बाईच्या शिव्या आणि भाकरी खात राहिले. माझ्या मते हे दोघे एकमेकांना पुरते कळले नव्हते, पण सुटलेही नव्हते. दांपत्यप्रेमाचे याहून खरे वर्णन मला सापडलेले नाही.

प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने हे ओळखले होते, असे मला नेहमी वाटते. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, आणि जिजाई झाली गौरी. पागनिसांची तल्लीनता थोर, यात शंका नाही. थिएटरात लोक त्यांना नमस्कार करत. पण चित्रपट पाहून घरी जाताना लक्षात राहते ती गौरी. आजारी पोराला घेऊन ती देवळात घुसते आणि विठोबावर वहाण उगारते, तो प्रसंग आठवा. त्यात पाखंड नाही, विनोदही नाही. आईची फिर्याद आहे, आणि देव ती ऐकून घेतो. त्या चित्रपटाला 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळाला, याचे कौतुक होतेच. मला कौतुक याचे वाटते की महिपतींच्या ओव्यांत जी भाकरी होती, ती कीर्तनात हरवली आणि पडद्यावर पुन्हा सापडली.

बाजू उलटी करूनही पाहू. संत बहिणाबाईंच्या घरात भक्त होती बायको आणि त्रागा करणारा होता नवरा. लहानपणीच, वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी तिचे लग्न झाले. तुकोबा तिच्या स्वप्नात आले, ती त्यांच्या नावाचा ध्यास घेऊन बसली. वेदपाठी ब्राह्मण नवऱ्याला हे सहन झाले नाही. त्याने तिला मारले, घर सोडून जाण्याची तयारी केली. मग तो आजारी पडला, तिने सेवा केली, त्याचे मन पालटले आणि दोघे देहूला आली. बहिणाबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. पण या नवऱ्याची नक्कल करून मंडप हसवणारा कीर्तनकार मी पाहिलेला नाही. भक्ताची बायको भांडली तर हसू, भक्ताचा नवरा मारतो तर गंभीर चर्चा. शिवाय ही कथा आणखी एका ठिकाणी घसरते. सेवेने नवरा सुधारला, तेव्हा तूही सोस, असे काही प्रवचनांतून सुचवले जाते. हे सांगणाऱ्याने बहिणाबाई पुन्हा वाचाव्या. तिने मार खाल्ला हे दुःख म्हणून लिहिले, व्रत म्हणून नाही. मार सोसणे हे निष्काम प्रेमाचे लक्षण आहे, असे ज्याला वाटते त्याने एखाद्या मायबहिणीला उपदेश करू नये. तिला आधी सुरक्षित जागी पोहोचवावे, मग गाथा उघडावी.

तर मग त्या मुलांच्या प्रश्नाचे काय? माझे उत्तर होकारी आहे, पण त्याला एक अट आहे. निष्काम प्रेम हे स्वतःविषयी सांगण्यासारखे वाक्य नाही. माझे प्रेम निःस्वार्थ आहे, असे जो म्हणाला त्याने बिल पुढे केले, असे समजावे. मावळात सावडीची रीत आहे. आज तुमच्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तुम्ही. ही देवघेवच, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण एखाद्या घरात दुखणे आले किंवा कुणी गेले की गाव आपण होऊन त्यांचे खाचर लावून येते, आणि ते दिवस सावडीत धरले जात नाहीत. हिशेब कुणी माफ करत नाही, तो सुरूच होत नाही. नवऱ्या-बायकोचे असेच असते. रोज देवघेव, रोज कुरबुर, आणि मधूनच असे काही दिवस, जे कुणी मोजत नाही. भंडाऱ्याच्या वाटेवरचे जिजाईचे दिवस हे असे होते.

तिचे शेवटचे दिवसही मोजलेले नाहीत. तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती, असे परंपरा सांगते. त्या मुलाचे नाव नारायण. विमान आले, महाराज गेले, गाव रडले. आणि मग उरले ते घर, पोरे आणि बाळंतपण. पुढे याच नारायणमहाराजांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली. आपण ज्या पालखीमागे चालतो, ती चालू करणारा मुलगा आवलीने एकटीने वाढवला. बीजेच्या दिवशी देहूत लाखो लोक तुकोबांच्या जाण्याच्या वेळेला फुले उधळतात. जिजाईने त्या रात्री चूल पेटवली की नाही, हे एखाद्या निरूपणात यावे, एवढीच कीर्तनकार बंधूंना विनंती आहे. उसाची कथाही जरूर सांगा. फक्त ऊस मोडल्यावर थांबू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोंगर चढली, तिथपर्यंत या.

मावळातल्या काही माळकरी घरांत आता एक रीत पडू लागली आहे. आषाढीला तो जातो. कार्तिक वद्य एकादशीला, भात कापून झाल्यावर, ती आळंदीला जाते. बोरघाट चढून कोकणातल्या दिंड्या लोणावळ्यात येतात, त्यांच्याबरोबर वडगाव, तळेगावच्या बाया चालू लागतात. त्या दोन-चार दिवसांत जनावरांची वैरण, म्हाताऱ्यांचे पथ्य आणि पोरांचे डबे नवरा पाहतो. भाकऱ्या त्याच्या करपतात असे ऐकतो.